वहीवर नाव कोणाचे?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता, तोच आमच्या तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत वह्यावाटपाचा कार्यक्रम झाला आणि त्याचे छायाचित्र रिवाजाप्रमाणे वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर आले. त्या छायाचित्रात मीही आहे, डावीकडून चौथा. त्यामुळे पुढील मजकुरात कोणाकडे बोट दाखवले असेल, तर ते आधी माझ्याकडे वळते, एवढे लक्षात घेऊन हे पत्र वाचावे.

वह्या हातात पडताच चौथीतला एक मुलगा खिडकीखाली जाऊन बसला. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने पेन्सिलीने वडिलांच्या नावासह आपले पूर्ण नाव लिहिले, खाली इयत्ता लिहिली आणि तुकडीपुढे ‘अ’ काढला. शाळेत तुकडी एकच आहे, तरी त्याने ‘अ’ काढला. एवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले की मागच्या फलकाला घडी पडून देणगीदारांचा चेहराच झाकला गेला आहे. फलक पुन्हा ताणून बांधण्यात आला, वाटलेल्या वह्या गोळा करून टेबलावर रचण्यात आल्या आणि मुलांना नव्याने रांगेत उभे केले गेले. ‘इकडे देखा, इकडे!’ असा पुकारा झाला. एका वहीसंचावर सहा मोठ्या माणसांचे हात होते. ज्याला तो संच मिळायचा होता, त्याचे फक्त कपाळ दिसत होते. छायाचित्र मनासारखे आल्यावर वह्या दुसऱ्यांदा वाटल्या गेल्या, आणि तो मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘सर, मनं नाव तिनी वहीवर गयं.’ त्याची वही दुसरीतल्या एका मुलीकडे गेली होती. तिने रबर घेऊन ते नाव खोडले. पेन्सिल दाबून चालवलेली असल्यामुळे ते पूर्णपणे गेले नाही. वहीच्या मुखपृष्ठावर देणगीदारांचे रंगीत छायाचित्र होते. ते छापलेले असल्यामुळे त्याला रबराचे भय नव्हते.

त्या रात्री मी ते छायाचित्र माझ्या स्टेटसला ठेवले आणि झोपेपर्यंत किती जणांनी पाहिले ते तीन वेळा उघडून बघितले. स्टेटस 24 तासांनी आपोआप नाहीसे होते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मिरवण्याची हौस आजची आहे, असे मी म्हणणार नाही. आमच्या गावच्या मंदिराच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, भंडाऱ्याच्या पातेल्यांवर ती टोचलेली आहेत, आणि सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यांवरही रंगवलेली आहेत. पंखा सुरू झाला की ती वाचता येत नाहीत, पण देणाऱ्याचे समाधान व्हायचे ते होतेच. तरीही त्या पायरीवर केवळ देणाऱ्याचे नाव असे. त्या पातेल्यातले वरण कोणी खाल्ले, याचा पुरावा कोणी मागत नसे. आजच्या दिखाव्याला देणाऱ्याचे नाव पुरत नाही, त्याला घेणाऱ्याचा चेहराही हवा असतो. रुग्णालयातल्या खाटेवर केळी स्वीकारणारी म्हातारी आणि थंडीत पदपथावर घोंगडी पांघरून घेणारा मजूर ही माणसे दुसऱ्याच्या मोठेपणाचे सामान होऊन बसतात. आपला चेहरा शेकडो अनोळखी मोबाइलवर जाणार आहे, हे त्यांना कोणी आधी सांगत नाही, आणि सांगितले तरी हातातले केळे परत करून नकार देण्याची सोय त्यांना नसते.

नम्रतेचा विषय निघाला की खानदेशात बहिणाबाईंचे नाव घेतले जातेच. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईने जात्यावर आणि शेतात रचलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक 1952 मध्ये निघाले. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. परंतु प्रसिद्धीपासून दूर राहण्याचा आदर्श म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे मला पटत नाही, कारण त्या काळी त्या घरातल्या बाईला प्रसिद्धी हवी की नको, हे विचारणारेच कोणी नव्हते. लादलेल्या अबोलपणाला नम्रता म्हणणे हा गरिबांवरचा आणि बायकांवरचा जुनाच अन्याय आहे, आणि आमच्या शाळेतला तो रांगेत उभा मुलगाही असाच, न विचारता गप्प राहिलेला होता.

निवडून घेतलेला एकांत पाहायचा असेल, तर चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळच्या केकी मूस यांच्या घरात जावे. 1912 मध्ये मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेला आणि 1989 मध्ये निवर्तलेला हा छायाचित्रकार जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडला. त्यामागची प्रेमकहाणी आमच्याकडे लोक फार रंगवून सांगतात. मला स्वतःला त्या कहाणीपेक्षा त्यांच्या टेबलाचे आकर्षण अधिक आहे. घरातल्या किरकोळ वस्तू त्या टेबलावर मांडून आणि प्रकाश हवा तसा वळवून त्यांनी असे देखावे उभे केले की पाहणाऱ्याला ते एखाद्या दूरच्या प्रदेशातले वाटावेत. छायाचित्रे देशविदेशांतल्या प्रदर्शनांत जाऊन पारितोषिके मिळवत राहिली आणि ती काढणारा चाळीसगावात राहिला. तेव्हा माझी तक्रार कॅमेऱ्याविषयी नाही, हे उघड आहे. आमच्या कार्यक्रमात फलकाच्या घडीकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे खिडकीखालच्या मुलाकडे गेले असते, तर त्याचे एक चांगले छायाचित्रही निघाले असते. अर्थात त्यासाठी त्याच्यापुढून आम्हा सहा जणांना बाजूला व्हावे लागले असते.

प्रसिद्धीमुळे इतरांना प्रेरणा मिळते, असे यावर सांगितले जाते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. रक्तदान शिबिराची बातमी वाचून आणखी चार जण पुढे येतात, हे मी पाहिले आहे. मात्र तिथे देणारा स्वतः खाटेवर झोपलेला असतो आणि चेहरा त्याचाच असतो. हिशेबाचे म्हणाल, तर वर्गणीचा हिशेब पावतीपुस्तकात आणि शाळेच्या फळ्यावर मांडता येतो. त्यासाठी मुलाच्या कपाळाची गरज पडत नाही.

आपल्याकडे एकच विनंती आहे. अशा वाटपाच्या बातम्या अवश्य छापाव्यात, किती वह्या आणि कोणत्या शाळेला हेही द्यावे, देणाऱ्यांची नावे तर जरूर द्यावीत; घेणाऱ्यांची, विशेषतः मुलांची, छायाचित्रे मात्र घेऊ नयेत. वृत्तपत्रात छापून येणार नाही असे कळले, तर दोनदा वाटप करण्याचे निम्मे कारण तिथेच संपेल. पुढच्या जूनमध्ये हीच मंडळी पुन्हा येतील, आणि त्यांनी यावेच, कारण वह्यांची गरज खरी आहे. छायाचित्राशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नसेल, तर रचलेल्या वह्यांचे काढावे, नाही तर फलकाचे काढावे. फलकाची कशालाच हरकत नसते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव