रिकामे घर तयार आहे, पाहणी आधी करा : ब्रिटनच्या निर्वासितविषयक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. लॉर्ड हॅरिंग्टन,
निर्वासितविषयक मंत्री, ब्रिटन सरकार

मे २०२२

महोदय,

लंडनच्या पश्चिमेला असलेले माझे दोन बेडरूमचे घर फेब्रुवारीअखेर भाडेकरूंनी सोडले आणि युद्धामुळे युक्रेन सोडावे लागलेल्यांना ब्रिटनमधल्या लोकांनी आपल्या घरात आसरा देण्याची ‘होम्स फॉर युक्रेन’ योजना जाहीर झाल्यावर ते युक्रेनमधील एखाद्या कुटुंबाला देण्याचे आम्ही ठरवले. मला भाडे नको आहे, आणि योजनेच्या नियमानुसार ते घेताही येत नाही. तरीही घर आजपर्यंत रिकामेच आहे. याचे कारण मला असे दिसते की राहत्या घरातली एखादी मोकळी खोली डोळ्यांसमोर ठेवून ही योजना आखली गेली आणि स्वतंत्र रिकाम्या घरांचा विचार मागाहून तिला जोडला गेला. हे पत्र मी आपल्या कार्यालयाला इंग्रजीत पाठवले आहे. ब्रिटनमध्ये भाड्याने देण्यासाठी घरे घेतलेली मराठी मंडळी कमी नाहीत, त्यांनीही ते वाचावे म्हणून मराठीत प्रसिद्ध करत आहे.

मुख्य अडचण जोडी जुळवण्याची आहे. इंग्लंडमध्ये व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीच यजमानाने आपले पाहुणे आणि पाहुण्यांनी आपला यजमान शोधलेला असावा लागतो, आणि हा शोध बहुतेकांना फेसबुकवर घ्यावा लागतो. मीही घराचे फोटो तिथे टाकले. दोन मुले आणि सासूबाई यांना घेऊन पोलंडपर्यंत पोचलेल्या खारकिव्हच्या एका बाईंनी मला सर्वप्रथम विचारले ते हे की, तुम्ही स्वतः त्या घरात राहता का, आणि दाराला आतून कडी आहे का. त्यानंतर त्यांनी घर खरोखर माझे असल्याचा पुरावा मागितला. त्यांचे काहीच चुकले नाही. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना युक्रेन सोडण्यास मनाई असल्यामुळे येणाऱ्यांत प्रामुख्याने स्त्रिया, मुले आणि वृद्ध आहेत, आणि एकट्या पुरुषांच्या घरी एकट्या स्त्रियांना पाठवू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने आपल्या सरकारला एप्रिलमध्येच सुचवले आहे. पण परक्या माणसाने पाठवलेले गॅस सर्टिफिकेट आणि कौन्सिल टॅक्सचे बिल पाहून त्या बाईंनी विश्वास तरी किती ठेवायचा? कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, चौकशी केली, तर व्हिसाचा अर्ज झाल्यावरच घराची पाहणी होईल, असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्या शिक्क्याने त्यांचा निर्णय सोपा झाला असता, तो निर्णय घेऊन झाल्यावरच मिळणार.

स्कॉटलंड आणि वेल्सच्या सरकारांनी स्वतःच यजमानाची जबाबदारी घेतली असून तिथे जाणाऱ्यांना आधी माणूस शोधावा लागत नाही. इंग्लंडला एवढे करायचे नसेल, तर निदान रिकाम्या घरांची पाहणी कौन्सिलांनी आधी करावी, मालकाची पोलीस पडताळणी उरकावी आणि तपासलेल्या घरांची यादी ठेवावी. प्रत्येक पाहुण्यामागे सरकार कौन्सिलला १०,५०० पौंड देत आहे. स्मोक अलार्म दाबून पाहायला आणि बॉयलरचा कागद वाचायला त्यातले फारसे काही लागणार नाही.

स्वतंत्र घराचा मी एवढा आग्रह धरतो, याला थोडे माझे गावही कारणीभूत आहे. मी कोल्हापूरचा. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आसरा मिळाला होता, आणि त्यांतले अनेकजण आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हच्या परिसरातलेच होते. तिथे बराकीच होत्या, पण त्यांत कुटुंबांना वेगळ्या खोल्या मिळाल्या आणि वसाहतीत पोलिश शाळा, चर्च, दवाखाना उभा राहिला. कोणाच्या माजघरात पाहुणा म्हणून वर्ष काढणे आणि स्वतःच्या चुलीवर स्वयंपाक करणे यांत किती फरक असतो, हे कोणत्याही सासुरवाशिणीला सांगावे लागत नाही.

बँक आणि विमा यांचा प्रश्न लहान असला तरी घर अडवून ठेवणारा आहे. भाड्याने देण्यासाठी काढलेल्या गृहकर्जात विनाभाडे राहणाऱ्यांची तरतूद नसते, म्हणून बँकेची परवानगी लागते; माझ्या बँकेने ती द्यायला कित्येक आठवडे घेतले. सरकारने अशा घरांसाठी कराराचा नमुना दिलाच आहे, तर तो वापरल्यास परवानगी आपोआप मिळेल, एवढे बँकांकडून आणि विमा कंपन्यांकडून ठरवून घ्यावे.

यजमानाने पाहुण्यांना किमान सहा महिने ठेवून घ्यावे, अशी योजनेची अपेक्षा आहे; त्या सहा महिन्यांनंतरचा विचार मात्र आजच व्हायला हवा. मोकळ्या खोलीचा यजमान थकला की पाहुण्यांना नवे घर शोधावे लागेल आणि तिथे अनामत रक्कम, जामीनदार, नोकरीचा दाखला मागितला जाईल. माझ्यासारख्याच्या घरात तेच कुटुंब पुढे भाडेकरू म्हणून राहू शकते आणि मुलांची शाळा बदलावी लागत नाही. त्यासाठी कमी उत्पन्न असलेल्या भाडेकरूंना सरकारकडून मिळणारा घरभाडे भत्ता खऱ्या भाड्याच्या जवळपास तरी असायला हवा. त्याचे दर एप्रिल २०२० पासून गोठवलेले आहेत, आणि आमच्या भागात त्या पैशात दोन बेडरूमचे घर मिळत नाही. यजमानाला सरकारकडून मिळणाऱ्या महिन्याच्या ३५० पौंडांच्या मानधनात वाढ करा, असे मी म्हणत नाही. वर्ष संपल्यावर ते बंद होईल तेव्हा भाड्याचा करार कोणत्या अटींवर करायचा आणि अनामत कोण भरणार, एवढे लेखी कळवावे.

खारकिव्हच्या त्या बाईंनी अखेर दुसरीकडे जायचे ठरवले. कर्जाचा हप्ता सांभाळून सप्टेंबरपर्यंत घर राखून ठेवणे मला शक्य आहे. तोपर्यंत कौन्सिलचा अधिकारी केव्हाही पाहणीस येऊ शकतो. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली आहे.

आपला,
एक घरमालक