एकच कोर्स ठेव

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीच्या, चार कोर्सना एकदम नाव घातलंस म्हणे. फुकट आहे म्हटल्यावर हात सैल सुटतोच. पण बारा आठवड्यांच्या एका कोर्सला व्हिडिओ, टिपणं, असाइनमेंट धरून आठवड्याचे पाच-सहा तास जातात. चारांचे वीस-चोवीस, वर कॉलेज आणि जर्नल्स. तीन आजच काढून टाक. कोणता ठेवायचा ते ‘असाइनमेंट शून्य’ सांगेल. तिचे गुण धरत नाहीत, पण आधी काय यायला हवं ते तिथेच उघड होतं. मॅट्रिक्सवर अडलीस तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या फुकट साइटवर १८.०६ हा लिनिअर अल्जिब्राचा कोर्स आहे, प्रश्नसंच उत्तरांसकट. तिथे परीक्षा द्यावी लागत नाही आणि प्रमाणपत्रही नाही, त्यामुळे हवं तेवढंच बघ.

आता गुणांचं गणित, कारण बहुतेक पोरं इथेच गचकतात. असाइनमेंटचे २५, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. आठवड्याला एक अशा बारा असाइनमेंटपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. पहिल्या तीन भरल्यास, तिन्हींत शंभर मिळाले आणि पुढे कंटाळलीस, तर ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५ टक्के, २५ पैकी ९.४. प्रमाणपत्राला किमान १० लागतात, आणि परीक्षेत ७५ पैकी ३०. दोन्ही वेगवेगळे. म्हणजे ०.६ पायी परीक्षेतले सत्तरही वाया!

असाइनमेंट भरायची खिडकी सहसा बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होते. मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येतं, शेवटचं धरतात. म्हणून रविवारीच येतील ती उत्तरं भरून टाक, शंकेची बुधवारपर्यंत बदल. कोरं ठेवून शेवटच्या तासाची वाट बघू नकोस.

एनरोल होणं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरणं नव्हे. तो वेगळा, त्याची फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी. फॉर्मवर टाकशील तेच नाव प्रमाणपत्रावर छापून येतं. मार्कशीट समोर ठेवून टाक, आडनाव आधी की नंतर तेही बघ.

क्रेडिटचं, म्हणजे हा कोर्स कॉलेजच्या पदवीत धरतील का त्याचं, मात्र आधी विचार. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून (एनपीटेलचे कोर्स असतात त्या सरकारी पोर्टलवरून) घ्यायला मुभा दिली आहे, बारा आठवड्यांना सहसा तीन क्रेडिट. पण तुझ्या शाखेत तो विषय चालतो का, हे कॉलेज ठरवणार. कॉलेजच्या एनपीटेल समन्वयक सरांकडून लेखी घे. निकालानंतर धावाधाव करून काही हाती लागत नाही.

हॉस्टेलचं नेट रडतंच, तेव्हा व्हिडिओ ३६० वर ठेव. फळ्यावरचं नीट दिसतं, डेटाही पुरतो. बोलणं समजलं नाही तर लिखित उतारा वाच; काही कोर्सचे मराठीतही आहेत.

फॉर्म भरलास की पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाक. फीचे पैसे बाबांकडून मी काढून ठेवते.

तुझी,
आई