पहिली पंगत सोडा

कोल्हापूर,
१२ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून सांगितलं असतं तर बाबांनी "बघू की" म्हणत टीव्हीचा आवाज वाढवला असता. म्हणून हे लिहून तिकिटांच्या फायलीत ठेवतेय. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेला पोचेपर्यंत वाचून होईल.

सांगायचंय ते एवढंच: क्रूझवर पहिल्या संध्याकाळी पहिल्या पंगतीला बसू नका.

तिथंही पंगती असतात, आपल्या लग्नातल्यासारख्या. पहिली सहा-साडेसहाची, दुसरी आठच्या पुढची. आणि बोट मुंबई सोडते तीही बहुतेक पहिल्या पंगतीच्याच सुमाराला. मागच्या वर्षी आम्ही पहिलीला बसलो. तुमच्या जावयांना भूक दम धरू देत नव्हती. सूप पिता पिता ग्लासातलं पाणी जरासं थरथरलं, शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "सुटली वाटतं." आम्ही मात्र गुलाबजाम संपवूनच उठलो. वर डेकवर गेलो तर मागे नुसती दिव्यांची रेघ. म्हटलं, येताना बघू. येताना बोट पहाटे लागली, तेव्हा आम्ही गाढ झोपेत.

बाबा, आधी पोटोबा मग विठोबा, हे तुमचं ठरलेलं. त्यात साखरेची गोळी. म्हणून परवा डॉक्टरांना विचारून घेतलं. जेवण आठला झालं तरी चालेल, गोळी जेवणाच्या वेळेलाच घ्यायची, पण मध्ये पोट रिकामं ठेवायचं नाही, असं म्हणाले. तेव्हा पाचला वरच्या मजल्यावर बुफेत चहाबरोबर काहीतरी खाऊन घ्या. आणि बोटीत चढल्यावर दुपारीच जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन दुसरी पंगत मागा. विचारायला लाजू नका, तिथं रोज कुणी ना कुणी विचारतंच. नाहीच मिळाली तर बुफेत जेवा. उपाशी कुणाला ठेवत नाहीत.

आता आई, तू. बाबा जेवायला उतरले की तूही मागोमाग उतरणार, ते एकटे कसे जेवतील म्हणून. रंकाळ्यावर आम्ही सगळे कठड्यावर बसून सूर्य बुडताना बघायचो, तेव्हा तू गाड्यापाशी उभी राहून कुणाची भेळ तिखट, कुणाची गोड, ते सांगत असायचीस. वळेपर्यंत सूर्य गेलेला. स्वयंपाक टाकून तू जातेस ते फक्त किरणोत्सवाला. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर मावळतीचे किरण, मग वर वर सरकत मुखापर्यंत, आणि ढग आला तर तेही नाही. त्या चार-पाच मिनिटांसाठी तू तासभर गर्दीत उभी असतेस आणि आम्ही घरी सकाळची भाकरी खातो. कुणी कधी कुरकुर केली का? बोटीवरही तशीच उभी राहा. तिथं वाढायला माणसं आहेत.

उजव्या बाजूचा कठडा धरा, म्हणजे बोटीच्या तोंडाकडे तोंड केल्यावर उजवीकडचा. बॅलार्ड पिअरवरून निघून बोट दक्षिणेकडे जाते, त्यामुळे शहर सगळं त्याच हाताला. आधी नौदलाच्या करड्या बोटी, मग गेटवे आणि ताज, जे आपण आजवर जमिनीवरून आणि घामाघूम होऊनच पाहिलेत. मग कुलाबा संपतं आणि पाण्यात एकटं उभं असलेलं प्रॉन्ग्सचं दीपगृह, १८७५ सालचं. जानेवारीत मुंबईत सूर्य साडेसहाच्या आत बुडतो, तोवर बोट हलली तर उजेडात सगळं दिसेल. दोर सोडतात तेही बघा. मनगटाएवढे जाड असतात.

त्याआधी सुरक्षेची कवायत होईल. सात आखूड भोंगे आणि एक लांब. दचकू नका. जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं, ते दाखवतात. २०१२ साली इटलीत मोठी बोट खडकावर चढली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्यांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्याच घ्यावी लागते. बाबा, तिथं आईला बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट सांगत बसू नका. ती १९४७ सालच्या ऐन जुलैतल्या पावसातली, आणि आता जानेवारी आहे.

बंदराबाहेर पडल्यावर एक छोटी बोट आपल्या बोटीला येऊन चिकटते. बंदरातून वाट दाखवणारा पायलट दोरीच्या शिडीवरून तिच्यात उतरतो, आणि दोन्ही बोटी चालूच असतात. हे मला तिथल्या एका वेटरनं सांगितलं. तो उतरताना दिसला का, ते आल्यावर सांगा. आम्ही तेव्हा गुलाबजाम खात होतो.

तुमची,
पोरगी

ता. क. भडंगाचा डबा गाडीतच संपवा. घरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत. आई, पर्समध्येसुद्धा नाही.