गॅरेजची वेळ मी रद्द केली आहे

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं तर बाबा चिडतील आणि आई, तू फोन घेऊन स्वयंपाकघरात जाशील, म्हणून लिहितेय. तुमच्या हायब्रिड गाडीची, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाडीची, मोठी बॅटरी बदलायला घेतलेली गॅरेजची गुरुवारची वेळ मी काल रद्द केली. न विचारता. रागवा हवं तर. पण बॅटरीचे साडेतीन हजार डॉलर तुम्ही निमूट द्यायला निघालात, हे काही मला झेपेना. प्रश्न पैशांचा नाही. म्हणजे तोही आहेच.

डोंबिवलीत स्कूटर बंद पडली की तुम्ही आधी ती आडवी करायचात, मग प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचात. टॉर्च धरायचं काम माझं. मेकॅनिक आला तरी, "आधी बिघाड दाखव, मग हात लाव." ते माझे बाबा डॅशबोर्डवर लागलेल्या एका लाल त्रिकोणाच्या दिव्याला घाबरले?

गॅरेजच्या कागदावर जो पी०ए८० हा बिघाडाचा कोड आहे, त्याचं नावच 'हायब्रिड बॅटरी बदला' असं आहे, म्हणून तो निकाल वाटतो. पण गाडीला फक्त एवढंच कळतं, की बॅटरीतल्या २८ मॉड्यूलच्या, म्हणजे आतल्या छोट्या बॅटऱ्यांच्या, १४ जोड्यांपैकी एखादीचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा फार खाली जातोय. का जातोय, हे तिला सांगता येत नाही. एखादं मॉड्यूल खरंच थकलेलं असेल. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला असेल. किंवा बॅटरीला थंड ठेवणारा पंखा तुंबला असेल.

या पंख्यापाशी मात्र गुन्हेगार मी आहे. मागच्या सीटच्या कडेला जी जाळी आहे ना, पंखा तिथूनच हवा ओढतो. आणि गाडी तुम्हाला द्यायच्या आधी त्याच जाळीला टेकून आमचा कुत्रा खंड्या झोपायचा. खंड्या जाऊन चार वर्षं झाली, त्याचे केस अजून आत असणार. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. कॅलिफोर्नियाला निघायच्या गडबडीत मी गाडी वरवर पुसून किल्ली तुमच्या हातात दिली.

मी शुक्रवारी रात्री येतेय, गाडीतले कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर घेऊन. जोड्यांचे आकडे गाडी उभी असताना आणि चढावर, दोन्ही वेळा बघू. डिकीतली छोटी १२ व्होल्टची बॅटरीही तपासू. ती मरायला टेकली की एकदम चार-पाच दिवे लागतात आणि माणूस मोठीलाच दोष देतो. गाडी बंद असताना तिथं १२.६ च्या आसपास आकडा हवा. एवढं करूनही मोठी बॅटरी गेलीच असेल, तर नवी घेऊ, पैसे मी देणार. एकच मॉड्यूल बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. बाकीची २७ तितकीच म्हातारी आहेत.

म्हातारी म्हणजे मॉड्यूल, बाबा.

तोवर नीट ऐका. कोड पुसायचा नाही; दिवा लागला तेव्हाची नोंद त्याच्याबरोबर जाते. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, आत दोनशे व्होल्ट आहेत, हा स्कूटरचा प्लग नव्हे. जाळी वरून व्हॅक्यूम केलीत तर चालेल, उघडायची मात्र नाही. आणि टर्नपाइक हायवेवर गाडी न्यायची नाही, "जवळच तर जायचंय" हेही नको.

आई, ओक ट्री रोडचं वाणसामान बुधवारी घरपोच येईल, कढीपत्ता आणि तुझा तो जाडा पोहाही सांगितलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला गुरुवारी टॅक्सी येईल, साडेनऊला. पैसे दिलेले आहेत, ड्रायव्हरशी हुज्जत नको. बाबांच्या गोळ्या डबीत भरून ठेव.

शनिवारी सकाळी टॉर्च तुम्ही धरायचा, बाबा. गुडघे वाकवायचे नाहीत, खुर्ची घेऊन बसा.

तुमची,
छकुली