बाबा, हेडफोन लावून मी कुठे जाते

ताळगाव पठार,
ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर रोज बोलतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर आई 'जेवलीस?' विचारते, बाबा मागून 'अभ्यास?' म्हणतात, मी दोघांना 'हो' म्हणते आणि तेवढ्यात मेसची वेळ संपत आलेली असते. चतुर्थीला घरी जे बोलणं अर्धं राहिलं ते एवढ्यात मावणार नाही. बाबांना कागदावर वाचलेलं नीट पटतं हेही मला ठाऊक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, म्हणून अक्षर मोठं काढलंय. तरी आईनेच वाचून दाखवावं.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री माझ्या खोलीत उशिरापर्यंत उजेड दिसला आणि सकाळी चहाच्या कपाशेजारी बाबांनी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. 'गेमिंगचं व्यसन हा आजार'. घरात पाहुणे होते, आरत्या होत्या, मी काही बोलले नाही. कात्रण इथे घेऊन आले आणि पुन्हा वाचलं. त्यातली माहिती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण विकार कशाला म्हणायचं तेही त्यांनी लिहून ठेवलंय. खेळण्यावर ताबा उरत नाही, खेळ बाकी सगळ्या आयुष्याच्या वर जाऊन बसतो, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा. बाबा, हे वाचून तुम्ही मला ओळखता का ते बघा. तुम्हाला काळजी वाटली याचा मला राग नाही. मी दिवसभर काय करते आणि रात्री हेडफोन लावून कुठे जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

सकाळचं भाजी-पाव झालं की साडेनऊपासून लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी जर्नल. आयएसए म्हणजे सत्राच्या मधल्या चाचण्या, त्या संपतात न संपतात तोच एसईए, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आणि या वर्षी त्यावर डेझर्टेशन, म्हणजे प्रबंध. सगळ्यात जड गेलं ते गणित. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलीसमोर इथे समुद्रविज्ञानाच्या एम.एस्सी.त एकदम कोरिऑलिस बल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने वाहतं पाणी वळतं ते, आणि एकमन प्रवाह, म्हणजे वाऱ्याने ढकललेलं पाणी, येऊन उभे राहिले. वर्गात भौतिकशास्त्रातून आलेली मुलं मान डोलवायची आणि मी नुसतं उतरवून घ्यायची.

भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा मात्र मला तुम्ही आठवलात, बाबा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, बंदरागणिक थोडं मागे-पुढे, हे तुम्ही मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. वर्गात तेच 'एम-टू' नावाने आलं. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा असतो, म्हणून रोज भरतीला सुमारे ५० मिनिटं उशीर होतो. उत्तर मला लहानपणापासून येत होतं, समीकरण आता शिकले. त्या चाचणीत मला चांगले गुण पडले आणि त्यानंतर गणिताची भीती बरीच कमी झाली.

सप्टेंबरचे शेवटचे आठवडे वाईट गेले. आईला आवाजावरून कळलंच होतं. चाचण्या, पायथनमध्ये लिहायचा प्रोग्राम, तपासून घ्यायची जर्नलं, आणि याच दिवसांत बोटीवरून आणलेले नमुने. चाचणी एखाद्या वेळी पुढे ढकलली जाते, पण समुद्राचं पाणी कुणासाठी थांबत नाही. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी सकाळी पोटात गोळा यायचा, पेज सोडून काही उतरायचं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की राहिलेल्या कामांची रांग डोळ्यांपुढे सुरू व्हायची. हे माझ्या एकटीचं नाही, आमच्या मजल्यावर बहुतेक दारांखालून दोन वाजताही उजेड दिसतो. पण ज्याचं त्याला जडच जातं.

आता रात्रीचं सांगते. जेवण झाल्यावर, दुसऱ्या दिवसाचं काम लावून ठेवून, मी तासभर लॅपटॉपवर 'सबनॉटिका' नावाचा गेम खेळते. सुट्टीत घरी आले की जास्त खेळते, तेच तुम्ही पाहिलंत. गोष्ट अशी आहे: एक अंतराळयान अनोळखी ग्रहावर कोसळतं. ग्रहावर जवळपास सगळीकडे समुद्रच. वाचलेल्या एका माणसाने त्या पाण्यात उतरायचं, खायला-प्यायला शोधायचं, होडी आणि पाणबुडी बांधायची आणि खाली खाली जात तो समुद्र ओळखून घ्यायचा. सुरुवातीला श्वास पाऊण मिनिटाचा. मग टाकी मिळते, मग मोठी टाकी. प्रत्येक वाहनाला खोलीची मर्यादा असते, ती ओलांडली की पाण्याच्या दाबाने पत्रा चेपायला लागतो. शंभर मीटरच्या खाली हवा लवकर संपायला लागते. हे सगळंच कल्पनेतलं नाही, बाबा. खऱ्या समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. चाळीस मीटरवर तो पाचपट होतो, म्हणून पाणबुड्याची टाकी तिथे वरच्यापेक्षा पाचव्या हिश्शात संपते. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी त्या गेममध्ये गुदमरून शिकले.

आईला वाटतं की गेम म्हणजे गोळ्या झाडणं. या गेममध्ये जीव घेणारी बंदूकच नाही, आणि ते ठरवून केलेलं आहे. १४ डिसेंबर २०१२ ला अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. साधारण त्याच सुमारास हा गेम आकार घेत होता. तो घडवणाऱ्यांचे प्रमुख चार्ली क्लीव्हलंड यांनी ठरवलं की आपल्या खेळात बंदूक ठेवायची नाही. २०१८ मध्ये गेम पूर्ण होऊन आला तेव्हाही तो निर्णय तसाच होता. मोठं जनावर समोर आलं की लपायचं, वाट बदलायची, त्याच्या सवयी बघायच्या. हातात एक स्कॅनर असतो. मासा असो, शेवाळ असो, जवळ जाऊन तो धरला की त्या जिवाची नोंद वहीत जमा होते. आई, तू गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायचं एकेक रानफळ हातात घेऊन मला त्याचं नाव सांगायचीस ना, मला या वह्यांची गोडी तिथूनच लागली असावी.

आणि शेवट. त्या समुद्राच्या तळाशी एक प्रचंड म्हातारी मादी आहे, तिच्या जातीतली शेवटची, कैदेत पडलेली. तिची अंडी उबून पिल्लं बाहेर पडली तरच सगळ्या ग्रहावरची रोगाची साथ जाणार असते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा मी रडले होते. माझी रूममेट उठून बसली आणि शेवट होईपर्यंत तिनेही सगळं पाहिलं.

हा गेम आवडणारे लोक जगभर आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी माझी ओळख आहे. कुणी त्या समुद्राचे नकाशे काढतं, कुणी त्यातल्या माशांची चित्रं. मी तिथल्या जिवांना आपल्या समुद्रातले कोणते जीव जवळचे, ते लिहिते. गेममध्ये रात्री सगळं पाणी उजळतं. एकाने विचारलं, खरं असं कुठे होतं का? मी त्याला मांद्र्याच्या किनाऱ्याबद्दल लिहिलं, काही रात्री लाट फुटताना निळा उजेड दिसतो आणि बाबा मला खांद्यावर घेऊन तो दाखवायला न्यायचे. तो उजेड नोक्टिल्यूका नावाच्या एकपेशीय जिवाचा असतो, पाणी हललं की तो चमकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो पारदर्शक फुग्यासारखा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुम्हाला लगेच फोन केला होता, आठवतं?

बाबा, एक विचारते. जत्रेच्या नाटकासाठी तुम्ही महिनाभर रात्र-रात्र तालमीला जायचा. घरी येऊन आरशासमोर संवाद म्हणायचा. आई बडबडायची आणि तरी अंगरख्याला इस्त्री करून द्यायची. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत तुम्ही वर्गात असायचा. तुमच्या शिकवण्यात त्या नाटकाने काही कमी झालं असं गावात कुणी म्हणालं नाही, उलट तुमच्या वर्गात कविता ऐकायला दुसऱ्या वर्गातली मुलं दाराशी येऊन उभी राहायची. माझ्या रात्रीच्या तासाकडे तुम्ही त्या नजरेने बघावं एवढीच माझी इच्छा आहे.

आता डेझर्टेशनचं, कारण या पत्रातलं खरं मोठं तेच आहे. माझा विषय आहे आपल्याच किनाऱ्याजवळचं ऑक्सिजन संपलेलं पाणी. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलातलं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर चढून किनाऱ्याकडे येतं. वर नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी पसरलेलं असतं, ते हलकं, झाकणासारखं बसून राहतं, त्यामुळे वरची हवा खाली पोचत नाही. तळाशी कुजणाऱ्या गोष्टी उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कांदोळीसमोर पंचवीसेक मीटर खोलीवर तो जवळपास शून्याला येतो. दोनापावलाच्या एनआयओतले, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले, शास्त्रज्ञ १९९७ पासून तिथे पुन्हा पुन्हा जाऊन मोजत आले आहेत. एवढ्या वर्षांची ती चिकाटी वाचून मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला.

ऑक्सिजन मोजायची पद्धत लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये सांगितली, आम्ही आजही तीच वापरतो. पाणी वर येताच बोटीवरच बाटलीत भरायचं, हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन द्रावणं घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. गेल्या फेरीत वरच्या पाण्याच्या बाटल्या तपकिरी झाल्या, मधल्या फिकट, आणि तळाची बाटली माझ्या हातात पांढरी राहिली. बोट हलत होती, मला उलटीसारखं होत होतं, तरी मी ती बाटली धरून उभी होते. गेममध्ये हवा संपते तेव्हा पडदा काळा होतो. इथे खरोखरच्या समुद्रातली हवा संपलेली मी पाहत होते, आणि तिथे तळाशी राहणाऱ्या जिवांचं काय होत असेल हा प्रश्न मला सोडेना. अजूनही सोडत नाही.

म्हणून मी ठरवलंय की एम.एस्सी.नंतर बी.एड. न करता पीएच.डी. करायची. बाबांची इच्छा मला माहीत आहे, शाळेतली नोकरी, घराजवळ, सुरक्षित. पैशांचं सांगते, कारण ते विचारणं बरोबरच आहे. त्यासाठी सीएसआयआर-नेट नावाची देशपातळीवरची परीक्षा आहे, त्यात पृथ्वी, वातावरण आणि महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विषय असतो. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. घरून एक पैसा लागणार नाही, उलट मी देऊ शकेन. परीक्षा कठीण आहे, पहिल्या वेळी होईलच असं नाही, म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक आत्तापासून लावलंय. रात्रीचा तो एक तास त्यातही ठेवलाय, कारण तो असला की मला झोप लागते.

आणि मी गोव्यातच राहायचं बघतेय. दादा दुबईला आहे, तुमचं वय होत चाललंय, बाबांचा दुसरा डोळा व्हायचाय, आईचा गुडघा थंडीत दुखतो. दोनापावला ते मांद्रे दोन बस बदलल्या की घरी. हे मी तुमच्यावर उपकार म्हणून करत नाही. माझा समुद्र इथलाच आहे, मला दुसरीकडे जायचंच नाही.

तुमचं काय मत आहे ते सांगा. विरोध असला तरी सांगा, पण कात्रणाने नको, समोर बसून. मी नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पोचते, लॅपटॉप घेऊन. बाबा, तुम्ही तासभर माझ्या शेजारी बसा. भरतीचं गणित तुम्ही मला शिकवलंत, पाण्याखालचं मी तुम्हाला दाखवते.

डोळ्यांतले थेंब वेळेवर घाला, आणि डॉक्टरांनी सांगितलंय तोवर विहिरीवर डोक्यावरून आंघोळ नको. आई, पोह्यांचा पसारा एकटीने काढू नकोस. नारळ मी येऊन खोवते.

तुमची,
बाय