एअरबॅग आहेत, पण बसायचं कसं?

महोदय,

गाडी घेताना एअरबॅग किती, हे सगळे विचारतात. त्यांच्यासमोर बसायचं कसं, हे क्वचितच कुणी विचारतं. धडकेनंतर साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पिशवी फुगते आणि तिचा सर्वाधिक जोर पहिल्या ५ ते ८ सेंटिमीटरमध्ये असतो. तेवढ्या टप्प्यात छाती किंवा चेहरा आला, तर वाचवणारी पिशवीच जबर मार देते.

म्हणून स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. एकदा टेप लावून मोजाच. उंची कमी असलेल्यांना पेडलसाठी सीट पुढे ओढावी लागते आणि अंतर तिथेच संपतं. त्यांनी पाय पोचेल तितपत सीट मागे घेऊन पाठ किंचित कलती करावी. रस्ता नीट दिसेना तर सीट उंच करावी. स्टिअरिंगचा रोख चेहऱ्याकडे नको, छातीकडे हवा. हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी. वळताना हॉर्नवरून आडवा हात नेण्याची सवय वाईट, कारण पिशवी तिथूनच बाहेर येते आणि हात तोंडावर आदळतो.

सीट बेल्टचा पट्टा लावलेला नसेल तर आधी ब्रेकच्या झटक्याने माणूस पुढे सरकतो आणि पिशवी फुगताना नेमका तिच्या तोंडाशी असतो. बीप बंद करायला रिकामी क्लिप अडकवणाऱ्यांना काय म्हणावं! खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसवावा. वरचा गळ्याला न घासता खांद्याच्या मध्यावरून यावा.

शेजारच्याने सीट मागे घ्यावी, पण आडवं होऊन झोपू नये. धडकेत शरीर पट्ट्याखालून निसटतं. डॅशबोर्डवर पाय ठेवले असतील तर गुडघे तोंडावर येतात. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं सर्वांत घातक. मागे तोंड असलेली बेबी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, पिशवी बाळाच्या डोक्यामागेच आदळते. बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच बरी.

सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती जिथून बाहेर येते ती शिवण झाकणारं साधं कव्हर चढवू नये.

गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो तसाच राहिला तर पिशवी उघडेलच असं नाही. जुनी गाडी घेताना तो मुळात लागतो का, हेही पाहावं. बिघाड लपवायला कधीकधी दिवाच काढलेला असतो.

– एक वाचक