ती हार्ड डिस्क आजच काढून ठेव

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुझ्या डीटीपीच्या दुकानात आलो तेव्हा संगणकाला कायमची जोडून ठेवलेली हार्ड डिस्क दाखवून, अठरा वर्षांचे सगळे काम तिच्यात सुरक्षित आहे, असे तू मला समाधानाने सांगितलेस. समोर गिऱ्हाइके बसलेली होती, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो; पण घरी परतल्यापासून ती डिस्क डोळ्यांपुढून हलत नाही, कारण माझीही अगदी तशीच जोडलेली होती.

माझ्या वडिलांच्या वह्या मी स्कॅन करून ठेवल्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. त्या कशा गेल्या, हे मात्र मी तुला कधी नीट सांगितले नाही. २०१९ च्या दिवाळीनंतर मी एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे ते पैसे न भरता चालवून देणारा चोरटा प्रोग्राम, उतरवून घेतला. तो चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यासोबत होती आणि मी ती पाळली. मग पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली. ती खोटी होती. तिच्याआड माझ्या फाइलींना एकेक करून कुलूप लागत होते, आणि ती खिडकी गेली तेव्हा प्रत्येक फाइलीच्या नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरे चिकटलेली होती. सोबतच्या चिठ्ठीत ९८० डॉलर मागितले होते; ७२ तासांत संपर्क साधल्यास ४९०. जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींचीही तीच गत झाली होती.

फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या अशा प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात; माझ्याकडे आलेल्याचे नाव स्टॉप किंवा डीजेव्हीयू. ते मुख्यतः क्रॅक आणि चोरीच्या सॉफ्टवेअरमधूनच पसरते, म्हणून कोरलड्रॉ आणि फोटोशॉपच्या फुकट प्रती हातोहात फिरतात त्या आपल्या डीटीपीच्या धंद्याला त्याचा धोका सर्वांत जवळचा आहे. ते प्रत्येक फाइलीचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच एन्क्रिप्ट करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा करून टाकते, त्यामुळे हजारो फाइली थोड्या वेळात निकामी होतात. कुलूप लावणारी किल्ली आणि उघडणारी किल्ली वेगवेगळ्या असतात, आणि उघडणारी किल्ली गुन्हेगाराकडेच असते. म्हणून दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी त्याचा इलाज चालत नाही. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये याच्या १४८ प्रकारांसाठी सोडवणुकीचे मोफत साधन आणले होते. माझ्यावर आलेला प्रकार त्याच्या नंतरचा निघाला.

खंडणी मी दिली नाही, आणि तशी वेळ तुझ्यावर आली तरी तू देऊ नकोस. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा असाच घातक प्रोग्राम पसरला, तेव्हा न्हावा-शेवा बंदरातल्या, मर्स्क या जहाज वाहतुकीच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामसुद्धा विस्कळीत झाले होते. त्या प्रोग्रामने पैसे मागितले खरे, पण फाइली परत देण्याची सोयच त्यात नव्हती. खंडणी भरणाऱ्यालाही काहीच मिळाले नसते. त्या प्रसंगातली एक गोष्ट मी वारंवार आठवतो. मर्स्कचे जगभरचे जाळे ज्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरांवर, म्हणजे जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या मुख्य संगणकांवर, चालत असे, ते सगळे पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एका जाळ्याबाहेरच्या प्रतीवरून कंपनीने आपले जाळे पुन्हा उभे केले. माझी डिस्क त्या दिवशी कपाटात असती तर वडिलांचे अक्षर आज माझ्यापाशी असते.

तेव्हा तुझी डिस्क आजच काढ आणि आठवड्यातून एकदा, काम उतरवून घेण्यापुरतीच जोड. दुसरी एक डिस्क घेऊन ती घरी ठेव आणि दोन्ही आळीपाळीने वापर. गुगल ड्राइव्हवर आपोआप प्रत जाते यावर विसंबू नकोस. संगणकावर फाइल बिघडली की बिघडलेलीच प्रत वर जाते, आणि मग जुनी आवृत्ती शिल्लक असेल तरच ती उपयोगी पडते.

जुन्या फाँटांसाठी तू विंडोज ७ चे यंत्र अजून सांभाळतोस, त्यामागची अडचण मला समजते. पण १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर पसरू लागले आणि सुमारे दीडशे देशांत पोचले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या, आणि बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ चीच होती. ज्या फटीतून ते शिरले ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्चला, दिलेला होता. विंडोज ७ ला आता असे अपडेट मिळतच नाहीत. म्हणून त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून टाक. दुकानातल्या दुसऱ्या संगणकाशीही ते जोडलेले राहू देऊ नकोस. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह आणि ईमेलवरचा मजकूर नव्या यंत्रावरच उघड, आणि वर्डची फाइल मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम) चालू करायला सांगू लागली तर ती तिथेच बंद करून पाठवणाऱ्याला फोन कर.

एवढे करूनही कधी फाइलींची नावे बदलताना दिसली, तर आधी नेटची तार आणि जोडलेली डिस्क काढ, चिठ्ठीचा फोटो घे, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव आणि घाईने फॉरमॅट मारू नकोस. डच पोलीस आणि युरोपोल यांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या नो मोअर रॅन्सम या उपक्रमात मोफत किल्ल्या मिळतात आणि त्यांत नव्यांची भर पडत असते. माझ्या कुलूपबंद फाइली मी म्हणूनच अजून जपून ठेवल्या आहेत.

येत्या रविवारी मी नवी डिस्क घेऊन येतो. प्रत काढून झाली की त्यातली तुझी एखादी जुनी लग्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडून पाहू, म्हणजे प्रत खरोखर उतरली की नाही ते कळेल. वहिनींना नमस्कार.

तुझा स्नेही